पुढचा नंबर

सोमवार, ३ मार्च

बावीस वर्षांत पहिल्यांदा सोमवारी सकाळी साडेअकराला घरी आहे आणि आजारी नाही. म्हणून ही वही काढली. कोणाशी तरी भांडायला हवंय आणि नवरा कामावर गेलाय.

लॅबमध्ये रिपोर्टच्या टेबलावर मी बसते. लोक रक्त देऊन जातात, मी रिपोर्ट छापून हातात देते. कागद आतल्या बाजूला दुमडून देते, नाव तेवढं बाहेर दिसतं. आकडे वाचत नाही. पहिल्याच महिन्यात एकदा वाचले होते आणि समोरच्या बाईने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. तेव्हापासून कानाला खडा.

गेल्या महिन्यात एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा रिपोर्ट पालकांच्या फोनवर फिरला. आजार असा, की त्याचं नाव लोक हळू आवाजात घेतात. आज डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “तो रिपोर्ट तुमच्या टेबलावर छापलाय. अकरा वाजून पाच मिनिटांनी. दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेलाच नाही.”

म्हणजे मीच. ४ एप्रिलला चौकशी, तोवर घरी बसा. दोषी ठरले तर काढणार, आणि पत्रात लिहिणार की हिने रुग्णाची गोष्ट बाहेर फोडली. त्या पत्रानंतर मला कुठल्याच टेबलावर कोणी बसू देणार नाही.

मी म्हटलं, फिरतंय ते चित्र तरी दाखवा. दाखवलं. आमच्या छापील कागदाला वर निळी पट्टी असते. चित्रात पट्टीच नाही! म्हणजे ते कागदाचं नव्हेच, वेबसाइटवरचं आहे. कागदाशिवाय आम्ही प्रत्येकाच्या फोनवर रिपोर्टची लिंकही पाठवतो. हे सांगितलं तर तिथेच टाय लावून बसलेले संगणकवाले हसले. लॅबची वेबसाइट त्यांनीच बनवलीय. म्हणाले, “मॅडम, साइट एकदम सुरक्षित आहे. तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

काही कळत नाही. ठीक आहे. कळून घेते.

मंगळवार, ४ मार्च

वन्सं वर आल्या. माझी थोरली नणंद, खालच्या मजल्यावर एकटी राहते. एक मजला चढून आल्या तर दारात दोन मिनिटं चौकटीला धरून उभ्या. मी लक्ष दिलं नाही. त्यांना नाटकं लागतात. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “अगं, बोलण्याच्या ओघात गेलं असेल तुझ्या तोंडून.”

मी म्हटलं, “वन्सं, लग्नात तुम्ही माझ्याबद्दल काय बोलला होतात तेसुद्धा मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.”

पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठल्या.

गुरुवार, ६ मार्च

सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी होती. ‘तोडून शिका. संगणक सुरक्षा. सकाळी दहा ते बारा. पूर्वतयारी नको.’ पूर्वतयारी नको हे वाचून आत गेले.

आठ संगणक, पाच माणसं. शिक्षिका माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, केस मुलासारखे कापलेले, आवाज मात्र ट्रॅफिक हवालदाराचा. तिने आम्हाला एक खोटं दुकान दिलंय. छत्र्यांचं. वेबसाइटवर छत्र्या दिसतात, निवडता येतात, मागवता येतात, पण दुकान खरं नाही. मुद्दाम भोकं ठेवून बांधलंय. आम्ही ती शोधून आत घुसायचं. ती म्हणाली, “कुलूप कसं तुटतं ते हाताने तोडून पाहिल्याशिवाय कुलूप बनवता येत नाही.”

पहिला नियम फळ्यावर लिहिला: ज्याचं दार, त्याची परवानगी. परवानगी नसेल तर कडीलाही हात लावायचा नाही.

पहिला सराव मला जमला नाही. दोन तास त्या छत्र्यांकडे बघत बसले. शेजारचे निवृत्त पोस्टमन दहा मिनिटांत आत. माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहिल्याचा फायदा असणार.

सोमवार, १० मार्च

आज घुसले! किती छत्र्या हव्यात त्या चौकटीत मी ‘उणे तीन’ लिहिलं. दुकानाने निमूटपणे मान्य केलं आणि त्यांच्या साठ्यात तीन छत्र्या वाढल्या. बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही की कोणी असं लिहील. शिक्षिका म्हणाली, “सगळी भोकं अशीच असतात. बनवणारा म्हणतो, असं कोण कशाला करेल?”

मी म्हटलं, “मी करेन.” पोस्टमनकाका टाळ्या वाजवायला लागले.

येताना रस्त्यात मुख्याध्यापक दिसले. फुटपाथवर समोरासमोर येणार एवढ्यात त्यांनी रस्ता ओलांडला. गाडी येत होती तरी ओलांडला. घरी येईपर्यंत डोक्यातून छत्र्या गेल्या. त्या माणसाला वाटतं मी केलं. ते मला सहन होत नाही.

बुधवार, १२ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आजचा सराव: आपण मागवलेल्या छत्रीचं पान उघडा. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी एक नंबर असतो, माझा ४१ होता. शिक्षिका म्हणाली, ४१ खोडा, ४२ लिहा. लिहिलं. कोणा दुसऱ्याचं पान उघडलं. नाव, घराचा पत्ता, सगळं. दुकानाने विचारलंसुद्धा नाही की बाई, तुम्ही कोण?

आमच्या रिपोर्टच्या लिंकच्या शेवटी हेच असतं. नंबर. आणि ते नंबर मी बावीस वर्षं ओरडून पुकारतेय. रांगेत पुढचा माणूस, पुढचा नंबर. मुख्याध्यापकांच्या मागे किंवा पुढे त्या दिवशी कोणीतरी पालक उभा असणार, आणि त्याला घरी बसून एक आकडा बदलून बघावासा वाटला असणार. एवढंच!

वर्ग सुटल्यावर शिक्षिकेला सगळं सांगितलं. म्हटलं, “चला, आत्ता बघू. लॅबची साइट उघडते.”

“बघितलंत?”

“अजून नाही.”

“बघायचं नाही. ते दार तुमचं नाही. उघडेल ते पान कोणाचं असेल? त्या माणसाने तुम्हाला विचारलंय का?”

मी चिडले. म्हटलं, चोर मोकळा फिरतोय आणि नियम मला? ती म्हणाली, हो, नियम तुम्हालाच, कारण तुम्ही चोर नाही आहात.

बरोबर आहे तिचं. तरी चिडलेय.

शनिवार, १५ मार्च

भाजी चिरताना सुचलं. दुसऱ्याचं पान उघडायचं नाही ना? मग दोन्ही पानं आपलीच करायची. मी रक्त द्यायचं, माझ्या लगेच मागे घरचं माणूस. माझा नंबर, पुढचा नंबर घरचा. त्याची लेखी परवानगी घ्यायची.

नवऱ्याला विचारलं. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो, बारा मजल्यांच्या खड्ड्यात दोरीला लटकतो. सुई म्हटल्यावर पांढराफटक. “दुसरं काहीही सांग गं.” 

वन्सं कोपऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, “मी येते.”

मी थक्क. त्या आणि माझ्यासाठी? म्हणाल्या, “मला तसंही...” आणि वाक्य अर्धं सोडून चहाचा कप धुवायला गेल्या. उपकार करायचे तेही तोंड वाकडं करून. असो, येताहेत हे महत्त्वाचं.

शिक्षिकेला फोन केला. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “हे काठावरचं आहे. कागद तुमचे असले तरी दार लॅबचं. एकदाच करायचं, माझ्यासमोर, आणि लगेच मालकाला लेखी कळवायचं.” हो म्हटलं.

मंगळवार, १८ मार्च

रक्त देऊन आलो. टेबलावर माझ्या जागी नवीन मुलगी. मला ओळखून तिने मान खाली घातली. माझ्या खुर्चीवरची उशी काढून टाकलीय.

मी सगळ्यात साधी तपासणी मागितली. वन्संनी पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली, कुठल्याशा डॉक्टरची, चुरगळलेली, आणि पाच तपासण्या सांगितल्या. पाच! मी म्हटलं, एवढं कशाला, नंबर लागला की झालं. म्हणाल्या, “आलेच आहे तर होऊ दे.” माझ्यापेक्षा जाड कागद हवा असणार. स्वभाव.

रक्त घेणारे भाऊ जुने मित्र. वन्संची बाही वर केली तर दंड अगदी बारीक, ते म्हणाले, “ताई, जेवता की नाही?” वन्सं म्हणाल्या, “वहिनीच्या हातचं जेवते, मग काय होणार?” सगळे हसले. मीही.

माझा ६११७, त्यांचा ६११८. लागून!

बुधवार, १९ मार्च

चार वाजता लिंक आली. वन्संची लेखी परवानगी घेऊन वाचनालयात पोचले. त्यांना म्हटलं चला, तर जिने नकोत म्हणाल्या.

शिक्षिका शेजारी बसली. स्क्रीनचा खालचा भाग मी वर्तमानपत्राने झाकला, चिकटपट्टी लावून. वन्सं असल्या म्हणून काय झालं, आकडे मी कोणाचेच वाचत नाही. माझं पान उघडलं. ७ खोडला. ८ लिहिला.

वन्संचं नाव आलं! ठसठशीत, काळ्या अक्षरात. ना पासवर्ड, ना काही.

मी ओरडले. ग्रंथपाल धावत आल्या. शिक्षिकेने फोटो काढला, वर्तमानपत्रासकट, खाली दोघींनी सही केली. शिक्षिका म्हणाली, “किती लोकांचे रिपोर्ट असतील हो यात?” मी म्हटलं, रोजचे तीनशे. आणि ते संगणकवाले म्हणतात मला त्यातलं काय कळतं!

घरी नाचत आले. वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या, फोन मांडीवर पालथा. मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, “छान झालं.” मग विचारलं, “रिपोर्टात आकड्यापुढे चांदणी असते ती कसली गं?”

मी म्हटलं, “आकडा मर्यादेबाहेर असला की येते. बहुतेक वेळा काही नसतं.”

“आणि सगळ्यांपुढेच असली तर?”

“तर मशीन बिघडलेलं असतं,” मी म्हटलं, आणि नवऱ्याला फोन लावला.

शुक्रवार, २१ मार्च

वन्संनी पाय मागे घेतला. म्हणाल्या, “माझं पान तिथे दाखवायचं नाही.”

आधी वाटलं चेष्टा करताहेत. म्हटलं, आकडे झाकलेत. म्हणाल्या, नावही नको. म्हटलं, नाव झाकलं तर पुरावा कसला? म्हणाल्या, “ते मला माहीत नाही. तिथे चार माणसं म्हणतील, ह्या बाईचा रिपोर्ट बघू काय आहे. मला नको.”

“असं आहे तरी काय त्यात, लपवण्यासारखं?” मी विचारलं.

“माझं आहे,” त्या म्हणाल्या. “तेवढं पुरे नाही का?”

मी नको ते बोलले. तुम्हाला मी नोकरीवर गेलेलीच कधी बघवली नाही, असंही बोलले. नवरा मध्ये पडला नाही. वन्सं उठून खाली गेल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. एरवी उलट बोलल्याशिवाय राहत नाहीत.

शनिवार, २२ मार्च

मला वाटलं होतं शिक्षिकेला दया येईल. म्हणाली, “त्या नाही म्हणाल्या ना? मग पुसा.”

“माझी नोकरी जाईल.”

“जाईल कदाचित.”

पुसला. फोटो, त्याची प्रत, सही केलेला कागद, सगळं. स्वतःचा पुरावा स्वतःच्या हाताने. मग बाहेर पायरीवर बसून रडले, आणि रडताना रागच जास्त होता. वन्संवर, शिक्षिकेवर, त्या टायवाल्यावर. पण एक लिहून ठेवते. वन्संचं पान त्यांच्या मनाविरुद्ध दाखवलं असतं तर डॉक्टरसाहेब माझ्याबद्दल जे म्हणतात ते खरं झालं असतं. तेवढ्यासाठी मी त्यांना खरं ठरवणार नाही. मेले तरी नाही.

मंगळवार, २५ मार्च

नवरा म्हणाला, “चल, मी देतो रक्त.” सकाळपासून तीनदा पाणी प्यायला, गेलो. दारात पहारेकऱ्याने अडवलं. बिचारा दहा वर्षं मला सलाम करतो, आज जमिनीकडे बघून म्हणाला, “ताई, चौकशीपर्यंत तुम्हाला इमारतीत सोडायचं नाही असा हुकूम आहे.” त्या नवीन मुलीने सांगितलं असणार मी आले होते ते.

नवऱ्याने हुश्श केलेलं मी ऐकलं. त्याला ते कळू दिलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

शिक्षिकेशी कडाक्याचं भांडण. ती म्हणते, ठरल्याप्रमाणे मालकाला लिहा, साइटला भोक आहे, बुजवा. मी म्हटलं, लिहिलं तर ते गुपचूप बुजवतील आणि चौकशीत म्हणतील, कुठंय भोक? मी लटकणार!

ती म्हणाली, “आणि नाही लिहिलंत तर अजून आठ दिवस रोजचे तीनशे रिपोर्ट उघडे. त्यातला एखादा मुख्याध्यापक असेल.”

वाचनालयाला रागारागाने दोन फेऱ्या मारल्या. मग लिहिलं. वन्संचं नाव नाही, नंबर नाही, फक्त काय आहे आणि कसं बुजवायचं. बुजवायचं कसं हेही आता मला येतं: पान उघडण्याआधी विचारायचं, तू कोण? नवऱ्याने पत्र पहारेकऱ्याच्या हातात दिलं आणि पोच घेतली.

सोमवार, ३१ मार्च

उत्तर आलं. डॉक्टरसाहेबांची सही. ‘आमच्या तज्ज्ञांनी तपासणी केली असून वेबसाइट पूर्णपणे सुरक्षित आहे. आपला दावा चौकशीशी संबंधित नाही.’

आधी डोकं भडकलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. पूर्णपणे सुरक्षित. सहीनिशी. हसायलाच लागले. नवरा घाबरला.

ह्या लोकांनी भोक बुजवलंच नसणार. ज्यांना वाटतं भोक नाहीच, ते बुजवतील कशाला? आणि इमारतीत मला बंदी आहे, पण ४ तारखेला ते स्वतःच मला आत बोलावताहेत.

शुक्रवार, ४ एप्रिल

सकाळी नवऱ्याने सांगितलं, तो वन्संना घेऊन मोठ्या इस्पितळात चाललाय. गुडघ्यासाठी म्हणे. आजच? गुडघा काय पळून चाललाय? नवरा माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “आजचीच वेळ मिळालीय.” वन्सं खाली दारात उभ्या होत्या. माझी कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, “भांडून ये.” त्यांचे हात बर्फासारखे गार होते.

तर एकटी गेले.

केबिनमध्ये डॉक्टरसाहेब, संगणकवाले आणि बाहेरून बोलावलेल्या एक वकीलबाई. भिंतीवर मोठा स्क्रीन. वकीलबाई चौकशी करणार. त्यांच्यासमोर प्रश्नांचा कागद. टेबलाच्या ह्या बाजूला एकच खुर्ची, तिच्यात मी.

पहिला प्रश्न विचारायच्या आत मी ते उत्तर टेबलावर ठेवलं. म्हटलं, “वेबसाइट पूर्णपणे सुरक्षित आहे असं साहेबांनी लिहून दिलंय. मला ते तपासायचंय. कोणाचंही खासगी उघडं न पाडता. खाली हिमोग्लोबिन अर्ध्या तासात होतं. आधी मी रक्त देते, माझ्यामागे डॉक्टरसाहेब. मग इथे, ह्या स्क्रीनवर, मी माझा रिपोर्ट उघडते आणि फक्त एक आकडा बदलते.”

डॉक्टरसाहेब हसले. “हा काय पोरखेळ आहे?”

वकीलबाई पत्र वाचत होत्या. म्हणाल्या, “सुरक्षित आहे म्हणताय ना? मग हरकत काय आहे?”

डॉक्टरसाहेब खुर्ची मागे सारून उठले. खाली गेलो. स्वतःच्या लॅबमध्ये डॉक्टरसाहेब माझ्यामागे रांगेत उभे, बाही वर करून. रक्त घेणाऱ्या भाऊंनी तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलं. माझा १०७०२, त्यांचा १०७०३.

अर्धा तास वर केबिनमध्ये बसलो. संगणकवाले टायची गाठ सैल करत होते, परत घट्ट करत होते. मला वाटलं होतं माझं काळीज धडधडेल. नाही धडधडलं. खोट्या दुकानात हेच मी शंभरदा केलं होतं.

लिंक आल्या. माझा रिपोर्ट भिंतीवर उघडला. हिमोग्लोबिन कमी निघालं, सगळ्यांनी वाचलं, वाचू दे. माझं मी दाखवतेय. वर पत्त्याच्या पट्टीतला २ खोडला, ३ लिहिला आणि बटणावर बोट ठेवलं.

“डॉक्टरसाहेब,” मी विचारलं, “परवानगी आहे?”

“दाबा,” ते म्हणाले. आवाज मोठा होता.

“साहेब, नको,” संगणकवाले म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते उभे राहिले होते. “दाबू देऊ नका. उघडेल ते.”

“तुम्ही तर तपासलं होतंत,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“फेब्रुवारीतच कळलं होतं,” ते म्हणाले. “त्या मुख्याध्यापकांच्या वेळी. मला वाटलं...” आणि टायची गाठ पुन्हा सैल केली.

वकीलबाईंनी स्वतःसमोरचा प्रश्नांचा कागद उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला आजची तारीख लिहिली. मग संगणकवाल्यांना म्हणाल्या, “तुम्ही समोर बसा. पहिल्यापासून सांगा.”

ह्या बाजूला खुर्ची एकच होती. मी उठले आणि माझी खुर्ची त्यांना दिली.